आखूड जंबो

कवडूने विमानाच्या पाठीवर पेन्सिलीने चार रेघा मारल्या आणि करवत टेकवली.

"सोन्यासारखं इमान, अन् कापून राहिले!" त्याच्या बायकोने, भीमाबाईने, कपाळाला हात लावला.

तीन महिने खपून त्याने हे सागवानी जंबो जेट लेकीच्या, शालूच्या, विज्ञान प्रदर्शनासाठी घडवलं होतं. कवडू पोलाद कारखान्यात ओतकामाचे लाकडी नमुने करायचा. मापात त्याचा हात धरणारा कामगारांच्या अख्ख्या कॅम्प-१ वस्तीत कोणी नव्हता. पण प्रदर्शन चार दिवसांवर आलं आणि शालूने पेपरात एक बारीकशी बातमी वाचली.

"जंबो बनवनारे त्याले कापून आखूड करून राहिले, बाबा."

"कावून?"

"वजन कमी, तेल तेवढंच. मंग न थांबता लय दूर जाते. आपलं तसं असलं तं भोपाळले नंबर लागन."

भोपाळ! राज्याचं प्रदर्शन तिथे भरायचं. घरातलं कोणी दुर्गच्या पुढे बक्षिसासाठी गेलं नव्हतं. कवडूने पंखांच्या पुढून-मागून एकेक तुकडा काढला, सरस लावला आणि जोड असा घासला की बोटालाही लागू नये.

सरस वाळल्यावर त्याने विमान दोऱ्याने टांगून टेबलफॅन लावला. आधी वाऱ्याला तोंड देऊन स्थिर राहणारं विमान आता डावी-उजवीकडे डोलायला लागलं. शालूचा चेहरा उतरला.

"शेपूट जवळ आलं न," कवडू पंखापासून शेपटीपर्यंत वीत टेकवत म्हणाला. "दांडा आखूड, तं जोर जास्त लागते. उंच करा लागन."

त्याने नवी, उंच शेपटी बसवली. विमान जरा थरथरलं आणि वाऱ्याकडे नाक करून स्थिर झालं.

प्रदर्शनात परीक्षक साहेबांनी चष्मा सावरला.

"मॉडल बढ़िया है. पर जंबो की पूँछ इतनी ऊँची नहीं होती. नाप गलत है."

पंधरा वर्षांच्या नोकरीत हे शब्द कवडूने ऐकले नव्हते. त्याचे कान तापले. शालू पंख्याचं सांगू लागली, तोवर साहेबांनी कागदावर फुली मारलीही.

तेवढ्यात कमलिनीबाई, शालूच्या विज्ञानाच्या शिक्षिका, ग्रंथालयात नुकतंच आलेलं इंग्रजी मासिक घेऊन आल्या. त्यात आखूड जंबोचा पानभर फोटो होता. साहेबांनी फोटो पाहिला, मॉडेल पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. शेपटी उंच होती, नेहमीच्या जंबोपेक्षा चांगलीच उंच. त्यांनी फुली खोडली.

"ये फोटो पहले कहाँ देखी आपने?"

"नहीं देखी, साहब."

कवडूने मासिक हातात घेतलं. अंगठ्याने शेपटी मापली, पंख मापला, आणि समाधानाने मान हलवली.

"पोरी," तो शालूला हळूच म्हणाला, "त्यायलेबी जमलं वाटते."