डाव्या अंगाला

मंडईतून आणलेली पिशवी ओट्यावर ठेवता ठेवता हे कोसळले. मेंदूच्या उजव्या भागातली रक्तवाहिनी तुंबली आणि डावं अंग लुळं पडलं. "आजी, जगभर या वयात हे फार वाढलंय," डॉक्टर समजावू लागले. म्हटलं, जगाचं जग बघेल, तुम्ही माझ्या माणसाचं बोला.

वाचा शाबूत राहिली, खवचटपणाही. नारायण पेठेत घरी आणल्यावर पहिल्याच जेवणाला यांनी विचारलं, "चटणी-कोशिंबीर वाढायची पद्धत बंद झाली वाटतं?" दोन्ही ताटातच होती, डाव्या बाजूला, जिथं वाढतात तिथं. यांनी उजवीकडची भाजी संपवली होती आणि भाताची मूद बरोबर मधोमध कापल्यासारखी अर्धी खाल्ली होती. दाढीसुद्धा एकाच गालाची केली.

व्यायाम करून घ्यायला येणारी उत्कर्षा म्हणाली, "काकू, डोळे एकदम ओके आहेत. ब्रेन लेफ्ट साइडची नोंदच घेत नाहीये. तुम्ही मुद्दाम तिकडेच बसा, हाका मारा. मान वळली पाहिजे. आत्ता नाही वळली, तर मग अवघड आहे."

डावीकडे बसायचं मला काय शिकवता? लग्न झाल्यापासून माझी जागा तीच. पलंगावर तिथं, फोटोत तिथं, नाटकाला गेलो तरी तिथंच.

"अहो, इकडे बघा," मी रोज म्हणायची. हे समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे. आमचा सलिल हिंजवडीला कंपनीत आहे. एका रविवारी त्याला जवळ बोलावून हे हळूच म्हणाले, "आई गेल्याचं मला सांगितलं का नाहीस रे?"

"बाबा, आई शेजारी बसलीय!"

"आवाज येतो तिचा," हे म्हणाले. "माणूस नाही."

सलिलचा चेहरा उतरला. "आई, तू उजवीकडेच बस ना," तो म्हणाला. मलाही तेच हवं होतं. उजवीकडे गेलं की हे लगेच ओळखायचे, माझा हात धरून "होतीस कुठं?" म्हणायचे. पण मी तिथंच बसले असते तर यांची मान जन्माची तशीच राहिली असती. म्हणून मी पुन्हा उठायची. पलंगाच्या पायथ्याशी मधोमध आले की यांच्या नजरेतून पुसली जायची. स्वतःला चिमटा काढून बघायची.

पुढं पुढं माझी हाक आली की हे डोळे घट्ट मिटून देवाचं नाव घ्यायला लागले. माझाच नवरा मला घालवून द्यायला जप करत होता. मी रडत हाका मारत राहिले.

आणि एका दुपारी जप थांबला. यांनी डोळे उघडले. मान हलली, अडखळली, खांद्यापर्यंत आली, आणि यांनी थेट माझ्याकडे पाहिलं. पलीकडे उत्कर्षा आनंदानं टाळ्या वाजवायला लागली.

"रडू नकोस," हे मला म्हणाले. "तू तिथं एकटी रडतेस, ते ऐकवेना. म्हणून आलो. उगाच घाबरत होतो बघ. मरायला काही लागत नाही, कुसुम. नुसती मान वळवायची."

मी हो म्हटलं.