बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. झाकण चेपलंय, पण मित्रांनो, कान अजून शाबूत आहेत. या घरात आलो तो बिस्किटं घेऊन, राहिलो तो बटणांसाठी. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी मला मशीनशेजारी जागा दिली. हवं ते बटण माझ्यात सापडायचंच, म्हणून माझा केवढा तोरा!

मग बाईंची हाडं ठणकू लागली. गळ्यातल्या एका एवढ्याशा ग्रंथीने उच्छाद मांडला होता. ती हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात सोडत होती. डॉक्टर म्हणाले, कॅल्शियमच्या गोळ्या बंद. बाईंच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या काकांनी, ते मनात पक्कं धरलं.

ऑपरेशन झालं, ग्रंथी निघाली. घरी सोडताना डॉक्टरांनी लेकीला समजावलं, की पोकळ झालेली हाडं भरून यायला आता कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागेल, हाडांची तपासणीही करा. बाई गुंगीत होत्या आणि काका गाडी बघायला गेले होते. लेकीने बटणं काढून माझ्यात गोळ्या भरल्या आणि काकांना सांगायचं राहूनच ती सासरी गेली.

काकांनी झाकण उघडलं आणि दचकलेच. पोरीने गफलत केली म्हणत त्यांनी कॅल्शियम केरात टाकलं. मी ओरडलो असतो हो, पण पत्र्याला तोंड कुठलं?

लेक फोनवर विचारायची, गोळ्या चालू आहेत ना? काका बाईंची रोजची बीपीची गोळी इमानेइतबारे देत होते, म्हणून म्हणायचे, अगदी वेळेवर. बाईंच्या बोटांना, ओठांना मुंग्या यायच्या; ती कॅल्शियम कमी पडल्याची खूण होती, पण ते कुणाला ठाऊक? काका बोटांना तेल चोळायचे. हाडांचं ठणकणं थांबलं होतं, तेव्हा बरं वाटतंय म्हणून तपासणीही राहून गेली.

एका दुपारी मशीनवरून उठताना बाई नुसत्या घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं.

लेकीने मला औषधांसकट दवाखान्यात नेलं. काकांनी सगळं सरळ सांगून टाकलं.

डॉक्टर हळूच म्हणाले, "काका, ती मनाई ऑपरेशनच्या आधीची होती."

काकांनी मला हातात घेतलं आणि झाकण पुन्हा पुन्हा उघडून आत पाहिलं. माझं काळीजच फाटलं.

बाई आता खाटेवर असतात. परवा मशीन दुसऱ्यांकडे गेलं, तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मित्रांनो, घरात कुणाचं असं ऑपरेशन झालं, तर आधीच्या सूचना आता चालतात का, हे डॉक्टरांना पुन्हा विचारा. बरं वाटलं म्हणून हाडांची तपासणी टाळू नका. आणि डॉक्टर जे सांगतील, ते घरातल्या प्रत्येकाला सांगा.

काका आता रोज कॅल्शियमची गोळी देतात. काल गोळी देता देता ते म्हणाले,

"माझ्यामुळे झालं गं."

"तुम्ही मला जपायलाच गेला होतात हो," बाई म्हणाल्या.

त्यावर काका लहान मुलासारखे रडले.