फुगीर पिशवी

गावातले मानाचे म्हातारे, ओमुरबेक अक्साकाल, तोंडात घास असतानाच उपदेश करत होते. "बाईनं जरा गिळायला शिकावं," असं म्हणून त्यांनी मेंढीच्या डोक्याचा कान कापून स्वतःच गिळला. बाकीच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावण्यात ही मंडळी मोठी पटाईत. मेलिसनं बायकोची बरगडी मोडली तेव्हाही त्यांनी अशाच डोलावल्या होत्या.

ती बायको, बुरुलचा, खाली मान घालून चहा ओतत होती. मार खाऊन ती माहेरी पळाली, तर हीच वरात एक मेंढी घेऊन तिच्या बापाच्या दारात बसली. बापानं मेंढी खाल्ली आणि मुलगी परत दिली. आज समेटाची मेजवानी होती. मेलिस नव्या सदऱ्यात, एखादं बक्षीस मिळाल्यासारखा बसला होता. त्याच्याकडे बघून बुरुलचाला भीती वाटायची, पण आज भीतीहून किळस जास्त होती.

पळून जायचा बेत शेजारच्या, थोरल्या बहिणीसारख्या झुराकान एजेचा. मार खाल्लेल्या बायकांना आसरा देणारं शहरातलं घर तिच्या ओळखीचं होतं. "आईलासुद्धा सांगू नकोस," तिनं बजावलं होतं. "भोळी आहे ती, रडत रडत सगळं ओकून टाकेल. कागद आधी, कपडे नंतर. मुलीला कडेवरून उतरवायचं नाही. गाडी खालच्या रस्त्याला उभी असेल."

अडचण सासूची होती. सून साधी पाण्याला निघाली तरी ती हातातलं तपासायची. मात्र मेजवानीनंतर पाहुण्यांना द्यायच्या केशिकच्या पिशव्यांत डोकावायची तिचीही हिंमत नव्हती. ते आशीर्वादाचं अन्न. म्हणून एका पिशवीत पासपोर्ट, मुलीचा जन्मदाखला आणि तिचे कपडे फडक्यात गुंडाळून तळाशी गेले, आणि वर पिठाचे तळलेले गोळे, बोरसोक, आले. ती पिशवी झुराकान एजेनं न्यायची होती.

आणि नेमकी तीच ओमुरबेकांनी उचलली. दाराशी मांडलेल्या पिशव्यांतली सगळ्यांत फुगीर पिशवी म्हाताऱ्याला डोळे मिटूनही सापडली असती. झुराकान एजेचा चेहरा पांढरा पडला. पिशवी ओमुरबेकांच्या घरी उघडली गेली की संध्याकाळच्या आत मेलिसला कळणार होतं, आणि मग एका बरगडीवर भागलं नसतं.

बुरुलचा चार वर्षांच्या अइदायला कडेवर घेऊन पुढे झाली. "ओमुरबेक अता, त्यात नुसते बोरसोक कोंबलेत हो. तुमच्यासाठी शेपटीची चरबी वेगळी काढून ठेवलीय, ही बघा."

"मग आधी नाही सांगायचं?" अक्साकालांनी पिशवी तिच्या हातात जवळजवळ फेकलीच. चरबीची पिशवी हातानं तोलून पाहिली आणि मेलिसकडे वळून म्हणाले, "सून चांगली आहे रे तुझी. उगीच बोभाटा झाला."

गावाची अब्रू सांभाळणारा माणूस, आणि त्याची किंमत मूठभर चरबी! बुरुलचाला हसू आलं. ते तिनं तसंच दाबलं.

चरबीनं खूश होऊन अक्साकालांनी तळहात पसरले आणि आशीर्वाद दिला, "या उंबऱ्याला हिचे पाय खिळून राहोत, पुढच्या वर्षी मुलगा होवो. ओमीन." सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. बुरुलचाचे हात मोकळे नव्हते. एका हातात पिशवी होती, दुसऱ्या हातानं मुलगी धरलेली होती.

"झुराकान एजेच्या हातात फार ओझं झालंय," ती सासूला म्हणाली. "फाटकापर्यंत सोडून येते."

सासूनं पिशवीकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

मेलिस काडीनं दात कोरत होता. "लवकर ये," तो म्हणाला. "भांडी पडलीयेत सगळी."

भांडी खरंच पुष्कळ होती. ती मेलिसनं घासली की त्याच्या आईनं, हे बुरुलचाला पुढे कधी कळलं नाही. तिनं कुणाला विचारलंही नाही.