दोन तारांची दुरुस्ती

माझा हात आधी चालतो, डोकं मागून येतं. ट्रकच्या गॅरेजातून मला काढलं ते यापायीच. एका ड्रायव्हरने आईवरून शिवी घातली, मी पान्ह्याने त्याचं कोपर फोडलं. मग रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी मला दुकानात घेतलं. म्हणाले, "तारा जोडायला शिक. डोकं तापलं की हात थरथरतो, आणि हात थरथरला की जोड कच्चा राहतो. तुझ्यासारख्याला हेच औषध."

मास्तरांचा एकच नियम होता. वस्तू उघडण्याआधी मालकाला विचारायचं, कशी बंद पडली? पडली, भिजली, की कुणी आधी खोलली? "पेचकस शेवटी," म्हणायचे. मी तो नियम मोडला आणि त्याचे वळ माझ्या ताईच्या पाठीवर उठले.

झालं असं. मास्तर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गेले होते आणि दुकान माझ्यावर होतं. भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, एक जुना टेप घेऊन आले. दोन स्पीकरांचा, वर धरायला दांडा, सुटकेसएवढं धूड. "फिरतो, पण आवाज नाही. काय मेहुणे, शिकलात ना? मग दाखवा करून," म्हणाले. मला चेव चढला. कसा बंद पडला, हे विचारायचं सुचलंच नाही.

नवशिक्या तो नवशिक्याच. आधी स्पिरिटने हेड पुसलं. मग टेप फिरवणारं रबर बदललं, ते चांगलं असताना. आवाजाचं बटण उघडून साफ केलं, एक स्प्रिंग उडाली ती शोधण्यात अख्खी दुपार गेली. टेप ढिम्म. रागाने मी त्याला असा गुद्दा घातला की काचेला तडा गेला.

तेवढ्यात ताईचा फोन. "झाला नाही ना रे अजून?"

"होईल की!"

"राहू दे. नाहीच झाला तर नाही." हळू बोलत होती, कुणी जवळ असल्यासारखी.

मला वाटलं, हिचा भावावर भरवसा नाही. "तू बघच," म्हटलं आणि फोन ठेवला. गाढव मी.

पाचव्या दिवशी हेडफोन जोडून पाहिला, तर त्यात गाणं खणखणीत. म्हणजे टेप धडधाकट, घोळ स्पीकरपाशी. मागचं झाकण काढलं. दोन्ही स्पीकरांच्या तारा तुटलेल्या. उंदीर, मी म्हटलं. उंदराने कुरतडलेली तार दातेरी असते, ही टोकं सरळ होती. पण मला विचार करायचा नव्हता, मला जिंकायचं होतं. तारा सोलल्या, पीळ दिला, जोड पक्के केले, वर प्लास्टिकची नळी चढवली. बटण दाबलं आणि दुकान दणाणलं. मी एकटाच नाचलो.

टेप पोचवायला मी स्वतः गेलो. "मानलं बुवा!" भाऊजी म्हणाले. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने चहासुद्धा विचारला नाही. मला रागच आला तिचा.

आठवड्याने ताईच्या शेजारच्या शिवणकामवाल्या बाई रेडिओ घेऊन आल्या. त्यांच्या आणि ताईच्या खोलीच्या मध्ये एकच पातळ भिंत आहे.

"टेप तुम्हीच नीट केलात का?"

"मग काय!" मी छाती फुगवली.

"तुमचे हात झडले असते तर बरं झालं असतं."

त्या बोलतच होत्या. "तिचा नवरा गाणी लावतो आणि मारतो. टेप मुका होता तेव्हा बोट लावलं नाही तिला, लोकांना ऐकू जाईल म्हणून. तारा तिने कापल्या, माझ्याच कात्रीने."

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"तिने शपथ घातली होती. म्हणाली, भावाला कळलं तर तो जीव घेईल त्याचा."

दुकान उघडं टाकून मी पळालो.

गाणं कोपऱ्यावरूनच ऐकू येत होतं. दाराला आतून कडी होती, दुसऱ्या लाथेला निघाली. ताई ओट्याखाली अंग चोरून बसलेली, ओठ फुटलेला. भाऊजींच्या हातात कमरेचा पट्टा. ते काही बोलायच्या आत मी मनगट पिरगाळलं, हाड मोडलेलं माझ्या बोटांना कळलं. मग तोंडावर मारलं. दोन दात फरशीवर पडले. ते बोंबलायला लागले, "मेलो! वाचवा!"

आणि इथे मी जे केलं ते मास्तरांनाही सांगितलेलं नाही. मी वळलो आणि टेपचा आवाज पूर्ण वाढवला.

पुढे किती मारलं, सांगता येत नाही. बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? त्यांचं डोकं जमिनीवर आपटत होतो आणि मला वाटत होतं, आता कुणी येऊ नये. कुणी आलंही नाही.

मग एकदम शांत झालं. ताईने वायर भिंतीतून उपटली होती.

"सोड, मरेल तो," ती म्हणाली.

भाऊजींचा श्वास चालू होता, तोंडातून फेस येत होता. शिवणवाल्या बाई एव्हाना दुकानातून परतून दारात उभ्या होत्या, त्यांनी रुग्णवाहिका बोलावली. मी ताईला उठवायला हात पुढे केला. मनगटापर्यंत रक्त होतं, ते शर्टाला पुसलं आणि पुन्हा पुढे केला.

"चल ताई. माझ्या घरी चल. आता तुला कुणी हात लावणार नाही."

ती भिंतीला धरून उठली. माझ्या हाताकडे तिने असं पाहिलं, जसं त्या पट्ट्याकडे पाहत असेल.

"तुझ्याकडे नको," ती म्हणाली. "मला मावशीकडे सोड."

मावशीचं घर तासाभरावर आहे. टॅक्सीचं मागचं दार मी उघडून धरलं, पण ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली.