उबेची पेटी

तळहातावर एवढीशी चकती, शर्टाच्या बटणापेक्षा थोडी मोठी... पुरेशी ऊब झाली की बल्ब विझवणाऱ्या थर्मोस्टॅटची. एका कडेला काळा डाग. तिथं आतल्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्या होत्या आणि सुटल्याच नव्हत्या. जयमालानं मूठ मिटली. एसटी संगमनेर सोडून अकोल्याच्या रस्त्याला लागली होती, काच खडखडत होती, आणि तिच्या डोळ्यांपुढं सकाळपासून सुप्याच्या आपल्या शेडमधली चाचणीची पेटीच — आत बाळाच्या जागी ठेवलेली पाण्याची पिशवी, पारा लाल रेघ ओलांडून वर, आणि खालचे बल्ब तरीही जळतायत, विझायला हवे होते तरी जळतायत... पिशवीला हात लावला तर चटका बसला. पिशवीच होती ती, फक्त पाण्याची पिशवी.

पण तशीच दुसरी पेटी भंडारदऱ्याच्या वाटेवरच्या एका छोट्या दवाखान्यात होती, त्याच खोक्यातला थर्मोस्टॅट बसवलेली. दवाखान्याचा फोन लागत नव्हता. "तू पुढं जा, पेटी बंद कर," फैयाज म्हणाला होता. दोघं भागीदार, दोघांनी मिळून उभी केलेली, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणारी ही पेटी. "मी पुण्याहून चांगला थर्मोस्टॅट घेऊन उद्या पोचतो." आणि मग तिच्याकडं न बघता, "दुसरा कट-ऑफ ठेवायला हवा होता, जया."

हवा होता. पहिल्या आराखड्यात होताही — एक अडकला तर दुसऱ्यानं वीज तोडायची. मीच काढला. ज्या दवाखान्यांना परदेशी पेटी स्वप्नातही परवडत नाही त्यांच्यासाठी करायची, तर जे जे काढता येईल ते काढायलाच हवं... हे वाक्य ती वाटभर घोटत राहिली, समोर बसून कुणी जाब विचारत असल्यासारखी. वाक्य खोटं नव्हतं. पण पेटीत आत्ता बाळ असेल का, इथं आलं की ते तुटायचं.

बाळ होतं.

तांबूस, सुरकुतलेलं, दिवसांआधी जन्मलेलं. जयमालानं झाकण उघडलं, दुपट्याची घडी सारून त्याची पाठ पाहिली, मांड्या पाहिल्या — कुठं लाल नव्हतं. मग तिनं बटण बंद केलं.

"अहो मॅडम, बंद काय करताय?" दीपा सिस्टर धावत आली. सगळ्या वॉर्डाला ती एकटीच होती.

"अडकू शकते ही. बल्ब विझणार नाहीत. बाळ भाजेल." एवढंच बोलता आलं.

सिस्टरचा चेहरा उतरला. "आणि बाहेर काढलं तर गारठेल. दवाखान्याची जीप दुसऱ्या बाईला घेऊन नगरला गेलीय. मी काय करू, सांगा."

पलीकडच्या खाटेवरून बाळाची आई, भागिरथी, कोपरावर उठली. तापानं तिचे डोळे लाल झाले होते. "रातभर पोटाशी धरलं हुतं म्या. गारच पडत गेलं. ह्यात ठिवलं तवा रडलं."

पेटी निवत होती. जयमालानं बाळाच्या पावलाला बोट लावलं, आणि ते पाऊल गार लागलं... की आपलंच बोट गार?

"बिघडती म्हंता," भागिरथी म्हणाली, "मंग तुमी बसा की तिच्यापाशी. तुमाला कळंल ना कवा बंद करायची ते."

जयमालानं स्टूल ओढलं. बटण दाबलं. बल्ब लागले. एक हात आत, बाळाच्या कुशीशी, दुसरा बटणावर, उद्या फैयाज येईपर्यंत. पारा हलला, थांबला, पुन्हा हलला... सिस्टर चहाचं काहीतरी विचारून गेली, तिनं मान वळवली नाही. बोटांखाली श्वास भराभर चालला होता, मध्येच थांबायचा — पाण्याची पिशवी कधी अशी थांबली नव्हती — आणि पुन्हा सुरू व्हायचा.

खाटेची करकर थांबली. भागिरथी आडवी झाली होती, तोंडावर पदर घेऊन, आणि बघता बघता तिला झोप लागली, गाढ. वाटेत जयमालाला भीती वाटत होती ती ही नव्हे. उठवावं हिला, हाक मारावी — अशी झोपू नका हो, माझ्यावर सोडून अशी झोपू नका...

तिनं हाक मारली नाही. पारा लाल रेघेच्या जवळ येत होता, आणि तिचं बोट बटणावर होतं.