लिमयांचा ल

बेसिनमध्ये चमचा घसरला. 

"बघ ना," चेतनाताई म्हणाल्या. "कोर्टासाठी लोकांच्या सह्या तपासतेस. घरातली एक तपासायला काय झालं?"

टेबलावर माझ्या सासऱ्यांचं मृत्युपत्र होतं. दिल्लीतल्या मयूर विहारचा हा फ्लॅट एकट्या प्रसन्नला, माझ्या नवऱ्याला. चेतनाताई त्याची मोठी बहीण. सासऱ्यांचं सगळं आजारपण त्यांनीच काढलं होतं. कागदावर त्यांचं नावसुद्धा नव्हतं.

"घरच्या माणसाचा अभिप्राय कोर्टात टिकत नाही, ताई."

"कोर्टाचं मी बघेन. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"बघ यार, एकदाचं संपव," प्रसन्न म्हणाला. "हिला वाटतं मी चोर आहे."

"वाटत नाही. माहीत आहे."

"बिल्कुल. लहानपणापासून जजच आहेस तू."

आवाज चढले तशी अनुष्का येऊन माझ्या मांडीवर बसली. नुकतीच न्हाऊ घातली होती, केस अजून ओले होते. एका हातानं तिला धरलं, दुसऱ्यानं भिंग. शेजारी ताईंनी आणलेले पेन्शनचे कागद. त्यांवरच्या सह्या सासऱ्यांच्याच, याबद्दल वाद नव्हता.

सासरे पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेले. लिमयेमधला त्यांचा ल दोन गोल पाकळ्यांचा, झरकन काढलेला. हात थरथरायला लागल्यावरही पाकळ्या सुटल्या नव्हत्या. मृत्युपत्रावरचा ल हिंदी पुस्तकातला होता, दांडीला आडवा टेकलेला. प्रसन्न तसाच काढतो. ताईही. दोघं हिंदी शाळेतले, म्हणून इतके दिवस या कागदावरून भांडूनही दोघांना तो खटकला नव्हता.

एका अक्षरावरून सही खोटी ठरवायची नसते. मी पुढे पाहिलं. रेघ संथ, चित्र काढल्यासारखी. एरवी सलग येणाऱ्या 'म'मध्ये पेन मध्येच उचललेलं. थरथर होती, पण सगळीकडे सारखी; आजारी हाताची तशी नसते.

अनुष्काच्या डोक्यावर हनुवटी टेकवून मी म्हटलं, "ही बाबांची सही नाही."

प्रसन्न हसला. "वा. खायचं इथे आणि वकिली तिची."

"मग कुणी केली?" ताईंनी विचारलं, माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघत.

"नक्कल केलेल्या सहीवरून ते सांगता येत नाही," मी म्हटलं. तज्ज्ञ म्हणून ते खरं होतं. बायको म्हणून मी प्रसन्नकडे पाहिलं नाही.

"कोर्टात सांगशील एवढं?"

"सांगू दे," प्रसन्न म्हणाला. "मग पोरीला घेऊन राहायचं कुठे, तेही तिलाच ठरवू दे."

ताईंनी कागद गोळा केले. दार लागलं. प्रसन्न बाल्कनीत जाऊन पाठ करून उभा राहिला.

अनुष्कानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आई, आजोबांची सही बाबांनी केली?"