जर्मनीतले टेकोडे

मयुरी जर्मनीला निघाली तेव्हा तिच्या बापाने, देवाजीने, तयारीत काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही. नर्सिंग झालेल्या मुलींना तिकडच्या दवाखान्यात शिकाऊ म्हणून नेणाऱ्या संस्थेने नागपुरात एक दिवस वर्ग घेतला आणि एक पुस्तिका दिली. पोरींनी ती बॅगेत कोंबली. देवाजीने ती दोनदा वाचली, तीही पेन्सिल हातात घेऊन. पासपोर्टच्या तीन झेरॉक्स निघाल्या. एक पर्समध्ये, एक मोठ्या बॅगेच्या अस्तरात, एक घरी बाबासाहेबांच्या फोटोमागे. औषधांसोबत डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी. स्टेशनवर बॅग पाठीवर नाही, पोटावर घ्यायची. कुणी अंगावर काही सांडवून पुसायला धावलं, तर आधी खिसा धरायचा. आणि एकशे बारा हा नंबर, जो युरोपात कुठूनही लागतो, तो त्याने तिच्याकडून इतक्यांदा म्हणवून घेतला की रुखमा, त्याची बायको, वैतागली.

"पोरगी नर्स हाय, तिले नंबर पाठ होते," ती म्हणाली. "तुमीच झोपेत बडबडून राह्यले एकशे बारा."

खोड जुनीच. वडशापासून पंधरा किलोमीटरवर बेलटोला, तिथे राहून देवाजीने तीस वर्षं वनखात्यात मजुरी केली. वाघाच्या भागात तेंदूपानं तोडायला निघालेल्या बायांच्या मागे हा माणूस ओरडत जायचा की एकटी मागे राहू नका म्हणून. कोणत्या झाडाची साल कशावर चालते, कोणती रानभाजी आणि कोणते टेकोडे खायचे, हे गावाने त्यालाच विचारायचं. टेकोडे म्हणजे पावसाळ्यात वारुळावर उगवणारी रानातली अळिंबी. मटणाला मागे सारेल अशी चव, पण चुकीची खाल्ली तर माणूस जातो. त्यामुळे गावात कुणी टोपलीभर आणले की आधी देवाजीभाऊच्या दारात. तो एकेक उलटा करून पाहायचा, मुळी पाहायचा, आणि मगच मान हलवायचा.

पण मयुरी गेली आणि पाच महिन्यांत सगळं उलटंपालटं झालं. आता सांगायची ती आणि ऐकायचा तो. "बाबा, इथी गाडी दोन मिनिटं लेट झाली त लोक चिडते." "बाबा, इथी तपासल्याशिवाय गोळी देत नाई." "बाबा, तुमच्या पुस्तिकेतलं ते खिसेकापूवालं आता जुनं झालं, आता फोनवरूनच फसवते." देवाजी हो हो म्हणायचा. फोन ठेवल्यावर अंगणात जाऊन उगीच कुंपणाच्या काट्या नीट करत बसायचा. लेक शिकली, पार साता समुद्रापलीकडे गेली, याचा अभिमान होताच. पण आपल्याकडे तिला विचारण्यासारखं आता काही उरलं नाही, हेही त्याला खुपत होतं. खोटं कशाला बोला.

आणि मग सप्टेंबरातला तो रविवार. दुपारचे अडीच वाजले होते. विहाराच्या ओट्यावर पाच-सहा जण बसले होते, लटारूभाऊ तंबाखू मळत होते, आणि देवाजीच्या फोनवर मयुरीचा चेहरा आला. मागे उंच झाडं, पिवळी पडत चाललेली पानं. ती आणि तिची मैत्रीण रिना, घुग्घुसची पोरगी, सुटी म्हणून गावाजवळच्या रानात फिरायला गेल्या होत्या.

"बाबा, हे पाहा ना," मयुरी म्हणाली, आणि तिने हातातली परडी फोनसमोर धरली. "टेकोडेच ना? इथले लोकबी चाकूनं कापून नेऊन राह्यले. तुमी पाहून सांगा, मंग खातो."

ओट्यावरचे सगळे फोनवर वाकले. "अरे, जर्मनीत टेकोडे," लटारूभाऊ म्हणाले. "देवाजी, पाह्य बरं लेका."

देवाजीने फोन डोळ्याजवळ धरला. पांढरट छत्री, कडेला जराशी हिरवट झाक. खालच्या चुण्या पांढऱ्या. दांडा वरूनच कापलेला. चित्र मधूनमधून थांबत होतं. खरं तर तिथेच त्याने म्हणायला हवं होतं की पोरी, मुळीसकट उपटून दाखव. घरच्या अंगणात कुणी असा कापलेला दांडा आणला असता तर त्याने टोपली तशीच परत पाठवली असती. पण पाच महिन्यांत पहिल्यांदा लेकीने त्याला काही विचारलं होतं, आणि तेही गावासमोर. त्याची छाती फुगली, दुसरं काय.

"टेकोडेच हायेत," तो म्हणाला. "खाय बिनधास्त. लसूण जास्त टाकजो."

ओट्यावर हशा पिकला. पुढचा तासभर देवाजी तिथून हलला नाही, आणि जर्मनीच्या जंगलाबद्दल, जे त्याने बापजन्मात पाहिलं नव्हतं, बरंच काही बोलला.

पाच वाजता रुखमा धानाच्या बांधीवरून आली. पाय धुता धुता तिने सगळं ऐकलं आणि साधं विचारलं, "वारूळ केवढं होतं मंग?"

"कोणतं वारूळ?"

"ज्याच्यावर टेकोडे निंगाले ते. आपल्या इथल्यापेक्षा मोठं होतं का लहान?"

देवाजीला एकदम आठवलं. दोन महिन्यांपूर्वी मयुरीने एका घराचा फोटो पाठवला होता, चारशे वर्षांचं, सगळं लाकडाचं. याला उधई, म्हणजे वाळवी, कशी लागली नाही, असं त्याने विचारलं होतं. आणि ती म्हणाली होती, "इथी उधईच नाई, बाबा. लय थंडी हाय." उधई नाही म्हणजे वारूळ नाही. वारूळ नाही तर टेकोडे येणार कुठून? त्याची मुळी हातभर खोल, थेट उधईच्या घरात जाते. म्हणून तर ती पाहायची असते. हे त्याला ठाऊक नव्हतं का? त्यानेच गावाला शिकवलं होतं.

त्याने फोन लावला. मयुरीचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, तेच. रुखमा ओल्या पायांनी त्याच्यासमोर उभी राहिली. चौथ्या वेळी फोन उचलला गेला.

"बाबा, भांडे घासून राह्यली होती. काऊन एवढे फोन?"

"खाल्ले का?"

"खाल्ले ना. अर्धा तास झाला. मस्त लागले. रिनानं दोनच घास घेतले, तिले बुळबुळीत वाटते."

"मयुरी, ते टेकोडे नाई. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. दोघीबी."

"काही होऊन नाई राह्यलं, बाबा. उलटी नाई, पोट दुखत नाई."

"त्यानं लगेच काही होतच नाई. इसरूच्या घरचे आठोते का तुले? तू लहान होती. सांजेले खाल्लं, रातभर गाढ झोपले. सकाळी उलट्या, जुलाब. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं, पोट्टे अंगणात खेळले. लोक म्हणे, वाचले. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे झाले, अन् मंग एकेक जण गेला."

मग मयुरी हळू आवाजात बोलू लागली, जसं दवाखान्यात घाबरलेल्या नातेवाइकांशी बोलत असेल. "बाबा, तुमी पाहून सांगतलं ना? तुमच्यापेक्षा कोणाले जास्त समजते? घरी आईनं काही म्हटलं म्हणून तुमाले आता भेव वाटून राह्यलं. माह्यं शिकणं चालू हाय, उद्या सकाळची ड्युटी हाय. बिनकामी त्याच दवाखान्यात जाऊन गोंधळ घातला त काय म्हणतील? एकशे बारा मोठ्या गोष्टीसाठी असते."

आता आली का पंचाईत. लेकीचा बापाच्या शब्दावर एवढा भरवसा, की तोच शब्द तिला मारायला निघाला होता. रडून ती जाणार नव्हती, ओरडून तर नाहीच. हट्टी आहे, बापावरच गेली आहे. ती जाणार एकाच गोष्टीने, आणि ती गोष्ट सांगायची म्हणजे देवाजीला स्वतःच्या हाताने स्वतःची आयुष्यभराची पत उतरवायची होती. लेकीच्या नजरेत आपण काय उरू, हा विचार त्याच्या मनात आला. आला आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

"मी पाह्यलंच नाई, मयुरी," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"फोनवर धड दिसत नव्हतं. मुळी तू कापली होती, ते मले दिसलं होतं. मी मुद्दाम विचारलं नाई. लटारूभाऊ बसले होते, सगळे बसले होते. तू मले विचारलं, एवढ्या दिवसानं, अन् मले नाई म्हणवलं नाई. मी शायनिंग मारली, बेटा. ओळखून सांगतलं नाई, नुसती थाप मारली. माह्या शब्दावर एक मिनिट थांबू नको."

मयुरीचा आवाज बदलला, लहानपणी अंधारात हाक मारताना असायचा तसा झाला. "बाबा, मी वाटीभर खाल्लं."

"एकशे बारा लाव. कापलेल्या साली, उरलेली भाजी, जे कचऱ्यात असन ते डब्यात भरून संग ने. रिनाले ने. मी फोन ठेवतो."

फोन ठेवल्यावर रुखमा भिंतीला टेकून बसली. एक शब्द तिने त्याला ऐकवला नाही, आणि चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. पण अजून एक फोन बाकी होता. रिनाचा बाप सुनिल घुग्घुसच्या खाणीत कामाला होता. देवाजीने जय भीम घातला आणि सरळ सांगितलं, की तुमच्या पोरीच्या पोटात जे गेलं ते माझ्या सांगण्याने गेलं. सुनिलने सगळं ऐकलं. "किती खाल्लं तिनं?" एवढंच विचारलं, आणि दोन घास हे ऐकून फोन कापला. देवाजीला राग आला नाही. सुनिलच्या जागी तो असता तर त्याने फोन कापण्याआधी काहीतरी बोलून घेतलं असतं.

त्यानंतरचे चार दिवस कसे गेले, ते सांगण्यासारखं काही नाही. चूल पेटली, पण जेवण कुणाला गेलं नाही. तिकडे डॉक्टरांनी डब्यातल्या साली तपासल्या आणि नाव सांगितलं, त्यांच्याकडचं सगळ्यात विषारी अळंबं. लघवीतही विष निघालं. परदेशातून आलेली माणसं दरवर्षी हीच चूक करतात, घरच्यासारखं दिसतं म्हणून खातात, असं ते म्हणाले. दोघींना सलाइन लागली, औषध सुरू झालं. रात्री उलट्या सुरू झाल्या त्या दवाखान्याच्या खाटेवर, खोलीत एकट्या नाही. तिसऱ्या दिवशी मयुरीच्या लिव्हरचे आकडे वर चढले. रिना त्या दिवशी घरी जाऊ शकली. तिच्या बापाने देवाजीला स्वतःहून फोन केला, "माही सुटली, तुमची कशी हाय?" म्हणून, आणि देवाजी फोनवर हमसून रडला. चौथ्या दिवशी आकडे थांबले. पाचव्या दिवशी उतरायला लागले.

मधल्या काळात लटारूभाऊ येऊन गेले. "होते असं," ते म्हणाले. "फोनवर कोणाले दिसते?" देवाजीने त्यांना बसवलं, चहा दिला, आणि त्यांच्यापुढे पुन्हा एकदा सांगितलं, की दिसत नव्हतं हे खरं, पण दिसत नाही हे मी बोललो नाही. लटारूभाऊ चहा पिऊन गेले.

सहाव्या दिवशी सकाळी मयुरीचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा उतरलेला, हाताला सुई, पण उशीला टेकून बसली होती. रुखमाने आधी बोलून घेतलं, काय खाल्लं, किती झोपली, केस काऊन विंचरले नाई. मग फोन देवाजीकडे आला.

"डॉक्टरीण बाई म्हणल्या, सकाळपर्यंत थांबली असती त दुसरं लिव्हर पाह्यला लागलं असतं," मयुरी म्हणाली. "तेबी भेटलं त."

देवाजीने मान हलवली.

"एक फॉर्म भरून राह्यली," ती पुढे म्हणाली. तिने कागद वर धरला. "असे पेशंट येते ना, त्यायची माहिती एका ठिकाणी जमा करते. म्हणजे दुसऱ्याले लवकर समजन. त्याच्यात एक प्रश्न हाय, की हे खाण्यालायक हाय असं कोणी सांगतलं."

"मंग?"

"मी लिहिलं, गावातल्या एका जाणकार माणसानं." ती फोनकडे न पाहता बोलत होती. "तुमचं नाव कायले आणू त्याच्यात. कोणाले काय समजते तिथी."

देवाजीने फोन जरा लांब धरला. त्याला तिचा चेहरा नीट पाहायचा होता, आणि या वेळी चित्र थांबलं तर ते चालू होईपर्यंत तो वाट पाहणार होता.

"तो 'जाणकार' शब्द खोड," तो म्हणाला. "जाणकारानं मुळी पाह्यली असती. बाप लिही."